संदर्भ शोधायला शिकवताना: दोन आकडे येऊ द्या, उत्तर सांगू नका

‘लोणार सरोवराची माहिती लिहून आणा’ असा प्रकल्प देऊ नका. पोट्टे मोबाईलवरचा पहिला उतारा छान अक्षरात वहीत उतरवतात आणि शोधणं राहूनच जातं. प्रश्न द्या: लोणारचं विवर, म्हणजे उल्का आदळून झालेला सरोवराचा खड्डा, किती वर्षांपूर्वी तयार झालं?

वाचनालयात आधी स्वतः जाऊन या. खेड्यातल्या अनेक वाचनालयांत पुस्तकं विषयवार नाही, दाखल क्रमांकाने, म्हणजे आली त्या क्रमाने, लावलेली असतात. तिथे मुलांना कपाटापुढे उभं करून काही हाती लागत नाही. दाखल नोंदवहीतून नाव शोधायला लावा, पुस्तकाच्या शेवटची सूची दाखवा. एवढ्याला एक तास पुरतो.

फोन चौघांत एक चालतो. ‘लोणार सरोवर’ टाकलं की सहलीची पानं वर येतात. ‘लोणार विवर वय’ असं शोधायला सांगा, मग तेच इंग्रजीत. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, हे अजून कितीतरी शाळांत माहीत नाही.

आता अवघड भाग. मुलं दोन आकडे घेऊन येतात: सुमारे 52 हजार वर्षं आणि सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. ‘सर, खरं कोणतं?’ म्हणून ती मागे लागतात, तास संपत आलेला असतो, आणि खडू उचलून उत्तर लिहून टाकावंसं वाटतं. लिहू नका. मला सगळ्यात जड गेलेली पायरी हीच. तुम्ही उत्तर दिलं, की पुढच्या वेळी मुलं शोधत नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघतात.

‘तीन वेबसाइटवर तेच असेल तर खरं’ हा सल्ला तर वर्गात आणूच नका. तिन्ही पानं एकाच जुन्या पानावरून उतरवलेली असू शकतात. सरकारी पानावरही जुना आकडा राहून जातो. त्याऐवजी प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायला लावा: कोणी मोजलं? कसं मोजलं? कधी?

मग उलगडा होतो. 52 हजार हा आकडा आघाताने वितळून झालेली काच तापवून, तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेला. 5 लाख 70 हजार हा वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीतून आला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात 47 हजार वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणजे 1999 च्या पुस्तकात दुसरा आकडा सापडणं शक्यच नव्हतं. हे मुलांनी स्वतः छपाईचं वर्ष पाहून सांगितलं पाहिजे. ‘सुमारे’ हा शब्द कोणी गाळला, तर परत लिहायला लावा.

वहीत आकड्याशेजारी पुस्तक, लेखक, वर्ष, पान. वेबसाइट असेल तर पाहिल्याची तारीख. हे नसेल तर आकडा खोडायचा, मग तो बरोबर असला तरी. शेवटी दोन्ही आकडे, आणि आपण कोणता धरला व का.

पुढचा प्रश्न शेतातला घ्या: बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदलून केलेल्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी का येते? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं म्हणणं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आणि गावातल्या कृषी केंद्राचा दुकानदार सांगतो ते, शेजारी शेजारी लिहायला लावा. इथे चौथा प्रश्न वाढवा: हे सांगणाऱ्याला काही विकायचं आहे का?