पायाला भिंगरी असलेल्या पोरांना गोष्ट ऐकायला नेताना

माझा नातू पाच वर्षांचा, नात साडेतीनची. दोघांच्याही पायाला भिंगरी. तरी वाचनालयात गोष्टीचा कार्यक्रम असला की मी दोघांना नेतेच. ‘जरा बसायला शिकू दे, मग नेऊ’ असं म्हणत थांबलेल्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे, थांबू नका. नातू पालथा पडून, पाय हलवत ऐकतो आणि रात्री अंथरुणात तीच गोष्ट बारकाव्यांसकट आईला सांगतो. हलणारं पोर ऐकत असतं, एवढं मनाशी पक्कं करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं.

जायच्या आधी पोरांना मोकळं हुंदडू द्या. नाशिकच्या टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जायचं असेल, तर आम्ही आधी गोल्फ क्लब मैदानावर उतरतो. वीस मिनिटं पळापळी पुरे होते. अगदी दमवू मात्र नका, दमलेलं पोर किरकिर करतं. दुपारची झोप मोडूनही नेऊ नका. शालिमारच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधत बसलात तर पोरं तिथेच कातावतात, म्हणून रिक्षा बरी.

खाणं बाहेरच उरकायचं. केळं उत्तम. द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षं न्या, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ती उभी चिरूनच द्या. अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. मग शू, पाणी, आणि आत.

गोष्ट सांगणाऱ्या ताईंना आधीच भेटून सांगा, ‘ताई, आमचं पोर मधे उठेल, चालेल ना?’ त्यांना मुलांची सवय असते. उलट त्याच त्याला काहीतरी काम देतात. सतरंजी अंथरायची, पुस्तक धरायचं, वाघ आला की डरकाळी फोडायची. हाताला काम मिळालं की पोराचा जीव गोष्टीत अडकतो. घरी काऊ-चिऊची गोष्ट सांगताना ‘थांब माझ्या बाळाला’ हे पोरांकडून म्हणवून घ्या. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं, हे त्यातून आपसूक कळतं.

बसायचं कडेला, भिंतीशी. उठलं तरी मागच्यांना चित्रं दिसत राहतात. भावंडांना शेजारी बसवू नका, मधे तुम्ही बसा. कानात सारखं ‘गप्प बस, हलू नको’ करू नका. तुमच्या कुजबुजीनेच बाकीच्यांचं लक्ष जातं. पाठीवर हात ठेवला तरी पुरतं.

ओरडाआरडा झाला, कुणाला ढकललं, तर लगेच उचलून बाहेर न्या. रागावून नाही. ‘थोडं फिरू आणि परत येऊ’ म्हणायचं, आणि खरंच परत यायचं. तेवढ्यासाठी घरी नेलं, तर वाचनालय म्हणजे शिक्षेची जागा असं पोराच्या मनात बसतं. इतर पालक बघतील, बघू देत. १८४० सालापासून उभी असलेली ही संस्था आपल्याच नाशिककरांची आहे, आपल्या पोरांचाही तिच्यावर हक्क आहे.

गोष्ट संपल्यावर ‘काय शिकलास?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्यापेक्षा पुस्तकांच्या कपाटाशी न्या आणि निवडू द्या. नातवाने एकदा जेसीबीचं पुस्तक उचललं, मी तेच घेतलं. आणि घरी पान फाटलंच तर चिकटपट्टी लावू नका. ती कालांतराने पिवळी पडते आणि कागदही खराब करते. फाटका तुकडा पुस्तकातच जपून ठेवा आणि परत देताना काउंटरवर पोरालाच सांगू द्या.