गाडीच्या काचेवर ओघळ राहू नयेत म्हणून

काच पुसली की सावलीत चकाचक दिसते आणि रात्री समोरून हेडलाइट आला की सगळे फराटे दिसतात, हे सगळ्यांचंच होतं. निम्मा दोष पाण्याचा असतो. बोअरचं पाणी जड, ते वाळलं की क्षार काचेवरच राहतात, म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याने मारायचा. मी स्प्रेच्या बाटलीत 1 भाग पांढरं व्हिनेगर आणि 10 भाग आरओचं पाणी घेतो, वास येतो थोडा पण दहा मिनिटांत जातो.

उन्हात तापलेल्या काचेवर काहीच मारू नका, पुसायच्या आधीच वाळतं आणि तिथेच डाग पडतात. आधी धूळ पाण्याने धुऊन काढा, कोरडी घासली तर चरे पडतील. मग दोन मायक्रोफायबर, एक ओलं, एक एकदम कोरडं. हे फडके धुताना कम्फर्ट वगैरे टाकायचं नाही, तेच चिकट राहतं आणि मग काचेवर उतरतं.

बाहेरून उभा हात मारा आणि आतून आडवा, म्हणजे फराटा दिसला की लगेच कळतं कुठल्या बाजूचा आहे ते. आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमुळे तेलकट थर जमतो, तिथे दोनदा पुसावं लागतं. दाराची काच थोडी खाली करून वरची कड पुसा, ती हमखास राहते. फिल्म लावलेली असेल तर अमोनियावालं क्लीनर नकोच.