चंद्राला ‘अंधारी बाजू’ नसते : चांद्रमोहिमांवर बोलण्याआधी या चुका टाळा

गेली अठरा वर्षं मी कोल्हापूर आणि आसपासच्या शाळांत आकाशदर्शनाचे कार्यक्रम करते. माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे, एक घडीचं टेबल आहे आणि टॉर्चला लावायला लाल जिलेटीनचा कागद आहे, एवढाच पसारा. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं आणि चंद्रावर बोलणारी माणसं एका रात्रीत वाढली. त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण तेव्हापासून त्याच त्या चुका शाळेच्या भाषणात, गणपतीच्या देखाव्यात, रीलमध्ये आणि विज्ञान प्रदर्शनात ऐकतेय. मुलं त्या तशाच पाठ करतात. म्हणून लिहायला बसले.

‘यान चंद्राच्या अंधाऱ्या बाजूला उतरलं’

सगळ्यात जास्त सलते ती ही चूक.

एका शाळेच्या प्रदर्शनात मी परीक्षक होते. आठवीच्या दोघींनी थर्माकोलचा मोठा गोळा केला होता, अर्धा पांढरा आणि अर्धा काळ्या पोस्टर कलरनं रंगवलेला. काळ्या भागावर काडेपेटीचा विक्रम (चांद्रयान-३चा चंद्रावर उतरलेला भाग), त्याला टाचणीवर तिरंगा आणि अंगाला चॉकलेटच्या चंदेरी कागदाचे तुकडे चिकटवलेले. एकीनं एका दमात सांगितलं, “भारताचं यान चंद्राच्या अंधाऱ्या बाजूला, दक्षिण ध्रुवावर उतरलं. तिथं सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही.” मी चंदेरी कागदाकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय लावलंयस गं?” म्हणाली, “सोलर पॅनेल.” “मग त्याला ऊन कुठनं मिळायचं?”

पोरगी गप्प झाली. मागनं तिची मैत्रीण हळूच म्हणाली, “मॅडम, व्हिडिओत असंच सांगितलंय.” तीन आठवडे खपून केलेल्या मॉडेलसमोर त्या मुलीचे डोळे भरून आले. चूक तिची नव्हतीच. व्हिडिओ करणाऱ्यानं दहा मिनिटं वाचलं असतं, तर ही वेळ आली नसती.

त्या एका वाक्यात तीन गोष्टींची गाठ बसली आहे. चंद्राची पलीकडची बाजू वेगळी, रात्र वेगळी आणि ध्रुवाजवळची कायमची सावली वेगळी.

प्रदर्शन संपल्यावर दोघींना मैदानावर नेलं. अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा घालताना देवी कायम आपल्या उजव्या हाताला असते. फेरी पुरी होईपर्यंत आपलं तोंड चारी दिशांना फिरून येतं, पण डावा खांदा देवीकडे एकदाही होत नाही. चंद्र पृथ्वीभोवती अगदी अशीच प्रदक्षिणा घालतो. २७.३ दिवसांत एक फेरी आणि तेवढ्याच वेळात स्वतःभोवती एक गिरकी. मैत्रिणीला पृथ्वी म्हणून मधे उभं केलं आणि मॉडेलवालीला चंद्र केलं. सूर्य खराच होता, चार वाजताचा, पश्चिमेला कललेला. म्हटलं, “चालत राहा, आणि डाव्या खांद्यावर समोरून ऊन आलं की हात वर कर.” ती मैत्रीण आणि सूर्य यांच्या मधोमध आली आणि हात वर गेला. ती अमावास्या! आपल्याला चंद्र दिसत नाही त्या दिवशी पलीकडची बाजू उन्हानं लख्ख असते. ती न दिसणारी बाजू आहे, अंधारी नाही.

चीनचं चांग-ई ६ पलीकडच्या बाजूला उतरलं ते २ जून २०२४ला, अमावास्या चार दिवसांवर असताना, भर उन्हात. तिथली १ किलो ९३५ ग्रॅम माती घेऊन ते २५ जूनला पृथ्वीवर परत आलं. पलीकडच्या बाजूची माती माणसाच्या हाती लागली ती तेव्हा पहिल्यांदा. तिथं उतरण्यातली अडचण संपर्काची आहे. तिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, मधे अख्खा चंद्र आडवा येतो आणि रेडिओ संदेश थेट पोचत नाहीत. म्हणून चीननं आधी निरोप पोचवणारा उपग्रह चंद्राभोवती पाठवला. २०१९ साली चांग-ई ४ उतरलं तेव्हाही अशीच सोय आधी केली होती.

आणि आपलं चांद्रयान-३? ते आपल्याला दिसणाऱ्या बाजूलाच आहे.

माझी एक सवय सांगते. मोहिमेची तारीख कळली की आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिची तिथी बघायची. २३ ऑगस्ट २०२३ला श्रावण शुद्ध सप्तमी होती. विक्रम उतरला त्या जागी शुद्ध पंचमी-षष्ठीच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि वद्य पंचमी-षष्ठीला मावळतो. म्हणजे इस्रोनं उतरायला तिथली सकाळ निवडली, कारण पुढे चौदा दिवसांचं ऊन हवं होतं. ४ सप्टेंबरला विक्रमला झोपवलं, तेव्हा तिथी होती वद्य पंचमी. पुढच्या चौदा दिवसांच्या रात्रीची थंडी त्याला सोसली नाही आणि तो परत जागा झाला नाही. हे सगळं घरच्या कॅलेंडरवर ताडून बघता येतं. आपल्या आज्यांना चंद्राचा हा हिशेब तोंडपाठ होता. मुलांना तो शिकवायला पाच मिनिटं पुरतात, पण ती पाच मिनिटं कुणी देत नाही.

‘दक्षिण ध्रुवावर’ आणि ‘दक्षिण ध्रुवाजवळ’

विक्रम उतरला ६९.३७ अंश दक्षिण अक्षांशावर. चंद्रावरचा एक अंश म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. तिथून ध्रुव ६०० किलोमीटरहून जास्त लांब राहतो, साधारण कोल्हापूर ते बंगळूर एवढा. यानं पराक्रम कमी होत नाही, कारण त्याआधी इतक्या दक्षिणेला कुणीच अलगद उतरलं नव्हतं. आपल्या चार दिवस आधी, १९ ऑगस्टला, रशियाचं लुना-२५ तिकडे जातानाच कोसळलं होतं. पण ‘जवळ’ हा शब्द गाळू नका.

प्रत्यक्ष ध्रुवावर काय होतं हे कोल्हापूरकराला समजावणं सगळ्यात सोपं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवा. नोव्हेंबर आणि जानेवारीअखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यात देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. ऊन इतकं आडवं असतं, की वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा किंवा क्षितिजावर ढगाची पट्टी आली तरी किरण चरणांशीच अडतात. चंद्राच्या ध्रुवावर बारा महिने हेच चालू असतं. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे तिथं सूर्य कधी वर चढतच नाही, क्षितिजाच्या कडेकडेनं फिरतो. एखाद्या उंच कड्यावर जवळजवळ सतत ऊन, आणि शेजारच्या खड्ड्याच्या तळाला अब्जावधी वर्षांत किरण नाही. ध्रुवावरचं शॅकल्टन विवर २१ किलोमीटर रुंद आणि चार किलोमीटर खोल आहे. त्याचा तळ कायम काळोखात असतो. अशा खड्ड्यांत बर्फ टिकून राहिलंय, म्हणून सगळ्या देशांची धाव तिकडे आहे.

आणि म्हणूनच तिथं उतरणं अवघड. आडव्या उन्हात दगडाएवढ्या उंचवट्याचीही लांबच लांब सावली पडते, आणि वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला खड्डा कुठला नि सावली कुठली हे कळत नाही. मार्च २०२५मध्ये अमेरिकेतल्या खासगी कंपनीचं अथेना यान ८५ अंशांच्या आसपास पोचलं आणि एका खड्ड्यात कुशीवर पडलं. पॅनेलना ऊन मिळेना, एका दिवसात मोहीम संपली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीचं ब्लू घोस्ट विषुववृत्ताच्या उत्तरेला, मारे क्रिसियम नावाच्या सपाट मैदानावर नीट उतरलं आणि दोन आठवडे काम करत राहिलं. दोन्ही बातम्या ‘चंद्रावर यान’ अशा एकाच मथळ्याखाली वाचणाऱ्याला हा फरक दिसणार नाही. मथळा वाचून थांबू नका, अक्षांश शोधा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

‘चांद्रयान-२ फेल गेलं’ असं म्हणू नका. सप्टेंबर २०१९मध्ये लँडर म्हणजे उतरणारा भाग कोसळला, पण ऑर्बिटर चंद्राभोवती फिरत राहिला. चांद्रयान-३ची जागा त्याच्या फोटोंवरून तपासली गेली आणि विक्रम उतरल्यावर त्याचा फोटोही त्यानंच काढला.

‘चंद्रावर पाणी सापडलं’ म्हणजे तळं सापडलं नाही. चांद्रयान-१वरच्या नासाच्या उपकरणानं मातीच्या कणांना चिकटलेल्या पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) खुणा टिपल्या. मातीत पाणी म्हणा, पाण्याची तळी म्हणू नका.

नासाच्या आर्टेमिस २ मोहिमेची योजना चार माणसांनी चंद्राला वळसा घालून परत येण्याची. उतरण्याची नव्हेच.

शुभांशु शुक्ला २०२५मध्ये गेले ते अवकाश स्थानकात, सुमारे ४०० किलोमीटर वर. कोल्हापूर-मुंबई रस्ता उभा केला तर जवळपास तिथवर पोचेल. चंद्र त्याच्या हजारपट लांब, सरासरी ३,८४,४०० किलोमीटर.

जपानचं स्लिम जानेवारी २०२४मध्ये नाकावर उलटं उतरलं, म्हणून ‘फसलं’ असं लिहितात. ठरवलेल्या जागेपासून शंभर मीटरच्या आत उतरून दाखवणं हे त्याचं काम होतं, आणि ते त्यानं केलं.

‘शेवटी तपासून काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेतल्या खासगी कंपनीचं ओडिसियस यान चंद्रावर उतरायला निघालं तेव्हा त्याचा उंची मोजणारा लेझर चालेना. उड्डाणाआधी जमिनीवरच काढायचं सुरक्षेचं बटण काढायचं राहून गेलं होतं. यान उतरलं, पण कलंडलं. घाई करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी ही गोष्ट सांगते.

‘दुर्बिणीतून विक्रम दाखवा ना’

दुसरी माझ्या जिव्हाळ्याची चूक. हिच्यात लोकांचे पैसे जातात आणि पोरांचा हिरमोड होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

चांद्रयान-३नंतरच्या हिवाळ्यात मसाई पठारावर आमचा कार्यक्रम होता. इचलकरंजीहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. यंत्रमागावर काम करणारे, ओव्हरटाइमच्या पैशांतून ऑनलाइन दुर्बीण घेतलेली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘६७५ पट’. म्हणाले, “मॅडम, पंधरा दिवस झाले, नुसता पांढरा धूर दिसतोय. विक्रम कुठं बघायचा तेवढं सांगा.” दुर्बीण सत्तर मिलिमीटरची होती, तिपाई इतकी हलकी की फोकसच्या चाकाला बोट लागलं तरी चंद्र थरथरत नजरेबाहेर जायचा. वर सगळ्यात जास्त पटीचं आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावलेलं. मुलगी एका डोळ्यावर हात धरून धरून कंटाळून गेली होती.

हिशेब साधा आहे. विक्रम सुमारे दोन मीटरचा. माझ्या सहा इंची दुर्बिणीला चंद्रावरची दीड-एक किलोमीटरची गोष्ट कशीबशी वेगळी दिसते. अवकाशातल्या हबल दुर्बिणीला शंभर मीटरच्या आसपासची. पृथ्वीवरून विक्रम वेगळा दिसायचा तर शंभर मीटरहून रुंद आरशाची दुर्बीण लागेल, आणि अशी कुठेच नाही. नील आर्मस्ट्राँग यांचा झेंडा दाखवा म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांना लँडर दिसतात, कारण ती शंभर किलोमीटरवरून किंवा त्याहून जवळून बघतात.

खोक्यावरच्या पटींवर विश्वास ठेवू नका. आरसा किंवा भिंग जितके मिलिमीटर रुंद, त्याच्या दुप्पट पटीपुढे चित्र नुसतं फुगतं आणि पुसट होतं. सत्तर मिलिमीटरला एकशेचाळीस पट म्हणजे डोक्यावरून पाणी. मी स्वतः दहापैकी आठ वेळा सगळ्यात कमी पटीचंच आयपीस लावते. तिपाईच्या मधल्या खुंटीला दोन किलो वाळूची पिशवी टांगते. त्या गृहस्थांच्या तिपाईला आम्ही त्या रात्री ज्वारीच्या पिठाची पिशवी बांधली, आणि चंद्र थांबला.

तरी फारसं दिसलं नाही, कारण पौर्णिमा होती. बहुतेक नवखे पौर्णिमेलाच दुर्बीण काढतात. त्या रात्री दिसणाऱ्या चंद्रावर ऊन सरळ डोक्यावरून पडतं, सावल्या नसतात, आणि सावलीशिवाय खड्डा खड्डा दिसत नाही. भर दुपारी नांगरलेलं रान सपाट दिसतं आणि संध्याकाळी त्याच रानातली सरी न् सरी उठून दिसते, तसंच. म्हटलं, “सप्तमी-अष्टमीला बघा, शुद्ध पक्षातल्या. संध्याकाळी सात-आठला, गच्चीवरनंच.” त्यांना पटलं नसावं, कारण इतक्या लांबून येऊन ‘घरी जाऊन बघा’ ऐकायला कुणाला आवडेल?

पण पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. फोन मुलीनंच घेतला होता. उजेड-अंधाराच्या सीमेजवळ एक मोठं गोल विवर आणि त्याच्या मधोमध डोंगर दिसतोय, त्याचं नाव काय, असं विचारत होती. ते थिओफिलस, शंभर किलोमीटर रुंद. मग तिला त्याच सीमेच्या कडेनं खाली दक्षिणेला जायला सांगितलं. तिथं विवरं एकमेकांवर दाटलेली आणि कडेला असल्यामुळे भाकरी तिरकी धरल्यासारखी लांबट दिसतात. त्यातलं एक मँझिनस. “त्याच्या शेजारीच विक्रम आहे. दिसणार नाही, पण आहे.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं बापाला मारलेली हाक मला ऐकू आली, “पप्पा, या की हिकडं, जागा घावली.”