लक्झेंबर्गमध्ये स्थायिक होताना भाषा कोणत्या क्रमाने शिकाव्यात

नोकरीनिमित्त लक्झेंबर्गला निघालेल्या मराठी कुटुंबाला सर्वांत आधी हाच प्रश्न पडतो की फ्रेंच शिकावी की जर्मन, आणि इंग्रजीवर किती दिवस भागेल. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. बेल्जियम किंवा स्वित्झर्लंडमध्ये भाषा बहुतांशी प्रदेशानुसार बदलते, तर लक्झेंबर्गमध्ये ती प्रसंगानुसार बदलते. संसदेत चर्चा लक्झेंबर्गिश भाषेत होते, पण त्याच चर्चेतून तयार होणारा कायदा फ्रेंचमध्ये लिहिला जातो, आणि सहा वर्षांचे मूल वाचायला शिकते ते परंपरेने जर्मनमध्ये. त्यामुळे ‘कोणती भाषा?’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या कामासाठी?’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

पहिल्या वर्षी दैनंदिन व्यवहारापुरती फ्रेंच शिकावी. पावणेसात लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशी नागरिक आहेत, आणि शिवाय फ्रान्स, बेल्जियम व जर्मनीतून दोन लाखांहून अधिक लोक रोज सीमा ओलांडून कामाला येतात. सीमेपलीकडून येणाऱ्यांत सर्वाधिक फ्रान्सचे असल्यामुळे दुकान, उपाहारगृह आणि दवाखाना येथे बहुधा फ्रेंचच कानी पडते. बँका, वित्तसंस्था आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कार्यालयांत इंग्रजी चालते, म्हणून अनेक जण तेवढ्यावरच थांबतात. परंतु घरभाड्याचा करार किंवा नगरपालिकेचे पत्र हाती आले की फ्रेंचची गरज लगेच जाणवते. १९८४ च्या भाषाविषयक कायद्यानुसार फ्रेंच, जर्मन किंवा लक्झेंबर्गिश यांपैकी ज्या भाषेत अर्ज केला असेल, त्याच भाषेत प्रशासनाने शक्य तोवर उत्तर द्यावयाचे असते. या तिहींत इंग्रजी नाही, हे लक्षात ठेवावे.

मूल लहान असेल तर शाळेचा निर्णय मात्र लांबणीवर टाकू नये. सरकारी शाळेत चौथ्या वर्षापासून उपस्थिती सक्तीची असते, त्या वयात वर्गातील मुख्य भाषा लक्झेंबर्गिश असते, नंतर जर्मनमधून लेखन-वाचन सुरू होते आणि फ्रेंचही लवकरच जोडली जाते. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते त्याला हा भार पेलतो, परंतु घरी जर्मनची मदत नसेल तर पुढील वर्षांत अडचण येऊ शकते. २०२२ पासून काही शाळांत फ्रेंचमधून साक्षरतेचा प्रयोग सुरू झाला, तो याच कारणाने. इंग्रजी विभाग असलेल्या सरकारी आंतरराष्ट्रीय शाळाही आहेत. दोन-तीन वर्षांतच परतायचे असेल तर त्या सोयीच्या ठरतात, पण कायम राहायचे असेल तर बालवर्ग स्थानिक शाळेत करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या वयात लक्झेंबर्गिश मुलांना खेळता खेळता येते.

आता लक्झेंबर्गिशकडे वळू. जर्मनची एक बोली समजून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. भाषावंशाच्या दृष्टीने ती जर्मन बोलींच्या मोझेल फ्रँकोनियन गटातील आहे हे खरे. परंतु १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये देशाचा ताबा घेतलेल्या जर्मनांनी जनगणनेत राष्ट्रीयत्व, मातृभाषा आणि वंश विचारले, तेव्हा असंख्य लोकांनी तिन्ही ठिकाणी ‘लक्झेंबर्गिश’ असेच उत्तर देण्याची तयारी केली, आणि ती मोजणी गुंडाळावी लागली. या भाषेला बोली म्हटले की तेथील माणूस का दुखावतो, हे यावरून कळते.

शिकताना कानापासून सुरुवात करावी. रोज थोडा वेळ लक्झेंबर्गिश रेडिओ ऐकावा आणि शब्द अडला की सरकारी ऑनलाइन शब्दकोशात त्याचा उच्चार ऐकावा. मराठी माणसाला एक गोष्ट फार सोपी जाते: आदरार्थी संबोधनासाठी जर्मनमध्ये ‘ते’ या अर्थाचे सर्वनाम वापरतात, तर लक्झेंबर्गिशमध्ये ‘दीर’, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’सारखे द्वितीयपुरुषी अनेकवचन. सुरुवातीला गोंधळात टाकतो तो शब्दाच्या शेवटच्या ‘न’चा नियम. पुढचा शब्द स्वराने किंवा न, ड, ट, त्स, ह यांपैकी एखाद्या ध्वनीने सुरू झाला तर ‘न’ टिकतो, इतर व्यंजनांपूर्वी सामान्यतः गळतो. म्हणून ‘मी जर्मन शिकतो’ हे ‘एश लेयरेन डाइच’ असे होते, आणि ‘मी लक्झेंबर्गिश शिकतो’ हे ‘एश लेयरे लेत्सेबुर्गेश’. शाळेत संस्कृत संधी घोकलेल्यांना हे परके वाटणार नाही. ‘आम्ही जसे आहोत तसेच राहू इच्छितो’ या अर्थाचे ‘मीर वेले ब्लाइवे वात मीर झिन’ हे राष्ट्रीय बोधवाक्य पाठ करावे. त्यात हा नियम लागोपाठ दोन शब्दांत ऐकू येतो.

नोकरदारांना लक्झेंबर्गिश शिकण्यासाठी काही अटींवर एकूण २०० तासांपर्यंत विशेष रजा मिळू शकते. तिची चौकशी मालकाकडे लवकर करावी. नागरिकत्वासाठी साधारणतः पाच वर्षांचे वास्तव्य आणि लक्झेंबर्गिश भाषेची परीक्षा लागते. तीत लेखन-वाचन नसते. भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय श्रेणीनुसार बोलणे ए२ आणि ऐकणे त्याच्या वरच्या बी१ पातळीचे अपेक्षित असते, म्हणजे बोलता येईल त्याहून अधिक समजले पाहिजे. लक्झेंबर्ग दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही, म्हणून अर्जापूर्वी भारतीय पारपत्र सोडण्याचा विचार घरात नीट करून घ्यावा.

सर्वांत मोठा अडथळा व्याकरणाचा नाही. परदेशी चेहरा दिसताच समोरची व्यक्ती सौजन्याने फ्रेंच किंवा इंग्रजी बोलू लागते आणि सराव तेथेच थांबतो. अशा वेळी आधी ‘मोयेन’ म्हणून अभिवादन करावे, आपण भाषा शिकत असल्याचे वरचे वाक्य म्हणावे, आणि लगेच विनंती करावी: ‘केन्त दीर, वान एश गेलिफ्ट, मे लुएस श्वेत्सेन?’, म्हणजे ‘कृपया थोडे सावकाश बोलाल का?’