साथीच्या काळात गावाला सूचना कशी द्यावी : कोकणातील ग्रामपंचायतींसाठी

साथ पसरू लागली की जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची पत्रे आणि त्यांच्यावरची शुद्धिपत्रके ग्रामपंचायतीत एकामागून एक येऊन पडतात, आणि ती जशीच्या तशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की आपले काम झाले असे वाटू लागते. प्रत्यक्षात काम तिथूनच सुरू होते. सर्वप्रथम बोलणार कोण हे ठरवून मासिक सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे. येणे-जाणे, बाजार, धार्मिक कार्यक्रम यांविषयी सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनी बोलावे, तर आजार, तपासणी आणि लस यांविषयी केवळ प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांनी दारोदारी तोच कागद वाचून दाखवावा, स्वतःची भर घालू नये. त्यांना तो कागद गावाच्या आधी मिळाला पाहिजे, कारण लोक पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात.

सूचना लिहिताना आदेशाचा क्रमांक आणि कलमे शेवटी घ्यावीत. आरंभी कोणी, काय, कधीपर्यंत करायचे आणि अडल्यास कोणाला फोन करायचा एवढेच यावे. उदाहरणार्थ : ‘बाहेरगावाहून आलेल्या प्रत्येकाने १० दिवस घरातच थांबावे. किराणा किंवा औषधे लागल्यास ग्रामपंचायतीला फोन करावा. सामान बेड्यापाशी (आवाराच्या फाटकाशी) आणून ठेवले जाईल. ताप आला किंवा दम लागला तर त्याच दिवशी आशाताईंना कळवावे. ही सूचना अमुक तारखेपर्यंत लागू राहील.’ यातील सामान पोहोचवण्याचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. घरात थांबा असे सांगायचे आणि तांदूळ कोण आणणार हे सांगायचे नाही, अशी सूचना पहिल्याच दिवशी मोडली जाते. मात्र त्या वाक्यामागे खरोखर माणूस नेमलेला नसेल, तर ते लिहू नये.

कोकणात या सूचनेचे अर्धे वाचक गावात नसतात, ते मुंबई, ठाणे, वसई-विरारला असतात. कोविडच्या साथीत, २०२० च्या गणेशोत्सवापूर्वी, चाकरमान्यांनी १४ दिवस वेगळे राहावे की कमी, यावर गावोगाव वाद झाले आणि अखेर राज्य सरकारने १० दिवसांचा काळ ठरवला. तोपर्यंत काही ठिकाणी गावाने वेगळे, प्रशासनाने वेगळे आणि नातेवाइकांनी फोनवर तिसरेच सांगितले होते. म्हणून गावाचा नियम प्रशासनाच्या आदेशाशी आधी ताडून पाहावा आणि मगच तो मुंबईतील ग्राममंडळाकडे (तिथल्या गावकऱ्यांच्या संघटनेकडे) पाठवावा, तोही गाडीचे आरक्षण होण्यापूर्वी. एसटी वेशीवर उभी राहिल्यावर वाचून दाखवलेला नियम अपमानासारखा लागतो. भाषाही तपासावी. ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ असा फलक ज्याच्या घराची घरपट्टी त्याच गावात भरली जाते त्याच्यासाठी लावणे अनुचित आहेच, शिवाय तो माणूस मग आडवाटेने येतो आणि त्याची नोंदच होत नाही.

सूचना पोहोचवण्याचे साधन वाडीनुसार बदलते. एकेका गावाच्या वाड्या डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या असतात आणि खालच्या वाडीत मोबाइलची रेंज असली तरी वरच्या वाडीत असेलच असे नाही. रिक्षावरचा भोंगा, दवंडी, मंदिर आणि मशिदीचे ध्वनिक्षेपक, रेशन दुकानाची भिंत ही साधने जुनी वाटली तरी सोडू नयेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा तेथे आणि उत्तर रत्नागिरीत वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली, आणि ज्या गावांचा सारा भार फोनवर होता त्यांची पंचाईत झाली. त्याच वादळाने आणखी एक पेच उघड केला : एक सूचना घरातच थांबा म्हणत होती, दुसरी किनारा सोडून शाळेत या म्हणत होती. अशा वेळी कोणती सूचना वरचढ, हे स्पष्ट शब्दांत सांगावे : ‘वादळाचा इशारा असेपर्यंत निवाऱ्यात यावे, विलगीकरणातील कुटुंबांसाठी वेगळी खोली ठेवली आहे.’

बंदराच्या गावांत सकाळी अकराला केलेली घोषणा वाया जाते. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या ठिकाणी होड्या लागतात आणि लिलाव पुकारला जातो ती वेळ साधावी, आणि मच्छीमार सोसायटीमार्फत तांडेलांना (नौकांच्या प्रमुखांना) कळवावे. नौकांवरील खलाशी आणि आंबा बागांतील राखणदार यांत नेपाळी कामगार पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हिंदीत किंवा नेपाळीत बोलणारा एक माणूस शोधावा. मराठी फलक त्यांच्या उपयोगाचा नाही.

रुग्णाचे नाव जाहीर करू नये, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु कोकणात वाडीचे नाव सांगणे हेही पुष्कळदा नाव सांगण्यासारखेच ठरते, कारण आठ-दहा उंबऱ्यांच्या वाडीत रुग्ण कोण हे दुपारपर्यंत कळते, आणि बऱ्याच वाड्यांची नावे जातीवरून पडलेली असल्याने बोट एका समाजाकडे वळते. जाहीर सूचनेत फक्त गावातील संख्या द्यावी. संपर्कातील लोकांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्वतंत्रपणे भेटून सांगावे.

सल्ला बदलला तर तो बदलला असे उघड म्हणावे. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर आरंभी ४ ते ६ आठवडे होते, मार्च २०२१ मध्ये ते ४ ते ८ (शक्यतो ६ ते ८) आणि मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे झाले. दुसऱ्या मात्रेसाठी केंद्रावर आलेल्या वृद्धाला केवळ ‘आज नाही’ म्हणून परत पाठवले, तर त्याच्या मनात लस संपल्याची किंवा कोणाला आतून दिल्याची शंका येणारच. जुने अंतर, नवे अंतर, बदल कोणी केला आणि त्याचे कारण, हे चारही मुद्दे एकाच कागदावर द्यावेत.

लावणीच्या दिवसांत तापाविषयी लिहिताना विशेष सावध राहावे. जून-जुलैत चिखलात राबणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) होतो, डेंग्यू आणि हिवतापही असतो, आणि सिंधुदुर्गाच्या काही भागांत हिवाळा-उन्हाळ्यात माकडतापाची (गोचिडांमुळे पसरणाऱ्या विषाणुजन्य तापाची) भीती असते. प्रत्येक ताप म्हणजे साथीचाच ताप असे सूचनेतून ध्वनित झाले, तर विलगीकरणाच्या धास्तीने माणूस ताप लपवतो आणि लेप्टोचे उपचार उशिरा सुरू होतात, जे जिवावर बेतू शकते. ‘ताप कोणताही असो, पहिल्याच दिवशी उपकेंद्रात दाखवावा, शेतात काम केले असल्यास तसे सांगावे’ असे लिहावे, आणि तपासणीला आलेल्या प्रत्येकाला थेट विलगीकरणात पाठवले जात नाही हेही वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वदवून घ्यावे.

प्रत्येक फलकावर लावल्याची आणि संपण्याची तारीख घालावी, आणि मुदत संपल्यावर तो उतरवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे नावानिशी सोपवावी.