बदलीची ऑर्डर आणि अन्नाची ॲलर्जी: मधल्या दिवसांची तयारी

जुने डॉक्टर सुटलेले, नवे अजून मिळालेले नाहीत, स्वयंपाकघर खोक्यांत आणि जेवण मेसमधलं. घरातल्या मुलाला अन्नाची ॲलर्जी असेल तर फौजी घराच्या बदलीत सगळ्यात जपायचे दिवस हेच.

ऑर्डर हातात पडली की पहिली अपॉइंटमेंट ॲलर्जीच्या डॉक्टरांची. चाचण्यांचे रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि कोणत्या लक्षणाला काय द्यायचं हे लिहिलेला सहीचा कागद मागून घ्या. मुलाचं वजन त्याच दिवशी करा. ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे तीव्र ॲलर्जीत लगेच टोचायचं तयार इंजेक्शन, साधारणपणे १५ ते ३० किलोला ०.१५ मिलिग्रॅम आणि त्यापुढे ०.३ मिलिग्रॅमचं लागतं. मूल तीस किलो ओलांडतं आणि पेन जुनंच राहतं, ही चूक सहज होते. पेनची मुदतही बघा, नव्या ठिकाणी डॉक्टर मिळेपर्यंत पुरून दोन-तीन महिने उरायला हवी.

पॅकर्स समोर दिसेल ते खोक्यात भरतात, औषधांचा कप्पाही. म्हणून ते यायच्या आदल्या रात्रीच दोन पेनं, अँटीहिस्टामिन (ॲलर्जीचं नेहमीचं औषध), दम्याचा पंप आणि कागद कमरेच्या पिशवीत घाला. ती पिशवी गाडीत सोडून जाऊ नका. पेन २० ते २५ अंशांत ठेवायचं असतं, बंद गाडीत ते तापतं. फ्रिजमध्ये किंवा बर्फाला चिकटवूनही नको. विमानात ते हातातल्या बॅगेत, मूळ डबीसकट. पेनच्या खिडकीतून आतला द्रव तपकिरी किंवा गढूळ दिसला तर पेन बदला.

एका खोक्यावर ठळक लिहा: ‘शेवटी भरा, आधी उघडा’. त्यात आपली एक कढई, पळी, सुरी, विळी किंवा बोर्ड, नवा स्पंज आणि तीन दिवसांचं सीलबंद खाणं.

मेसमध्ये ‘यात शेंगदाणे आहेत का?’ एवढं विचारून भागत नाही. त्याच तेलात आणखी काय तळता, पळी वेगळी आहे का, हे विचारा. बुफेत चमचे या भांड्यातून त्या भांड्यात फिरतात, तेव्हा वाढायला सुरुवात होण्याआधी मुलाचं ताट बाजूला काढून घेतलेलं बरं.

नव्या क्वार्टरचे ड्रॉवर, ओव्हन, फ्रिजच्या दाराचं रबर साबणाच्या पाण्यानं पुसा. सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही, हातावरूनही नाही.

पोस्टिंग परदेशात असेल तर लेबलं नव्याने शिका. अमेरिकेत ॲलर्जीचे ९ घटक जाहीर करणं सक्तीचं आहे (तीळ २०२३ पासून), युरोपीय संघात १४. मोहरी युरोपच्या यादीत आहे, अमेरिकेच्या नाही. ‘अंश असू शकतात’ ही सूचना दोन्हीकडे ऐच्छिक आहे, त्यामुळे ती नसली म्हणून निर्धास्त होऊ नका. ओळखीच्या ब्रँडची कृतीही देशागणिक बदलते.

श्वास अडकला, आवाज बसला किंवा मूल गळून गेलं तर आधी पेन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. मग ॲम्ब्युलन्स. मुलाला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसतं; उभं करू नका, चालवू नका. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं पेन. अँटीहिस्टामिन पेनऐवजी चालत नाही.

जोडीदार ड्युटीवर गेला की घरात मोठं माणूस एकच उरतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कुणाला तरी सरावाच्या पेनवर शिकवा आणि युनिटचा दवाखाना रात्री उघडा असतो का ते विचारा. नसेल तर जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता एकदा दिवसा जाऊन पाहून या.