राजा ओफू शोधायला निघताना

राजा ओफू ही इंडोनेशियातली दुर्मिळ महाकाय मधमाशी. तिला शोधायचं तर बॅग भरायच्या आधी परमिटचं बघा, कारण परदेशी माणसाला इंडोनेशियात संशोधन करायचं तर ब्रिनची, म्हणजे तिथल्या सरकारी संशोधन संस्थेची, परवानगी लागते आणि ती आठवड्यात मिळत नाही, त्यामुळे तेर्नातेचं (या बेटांकडे जायचं तिथलं शहर) तिकीट नंतर. मग जुन्या नोंदी एका नकाशावर घ्या: बाचान, हालमाहेरा, तिदोरे, बस एवढीच बेटं. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेसला एकोणिसाव्या शतकात बाचानवर एकच मादी मिळाली होती, नंतर १९८१ मध्ये कीटकशास्त्रज्ञ ॲडम मेसरला ही मधमाशी परत सापडली आणि जिवंत मादीचा पहिला फोटो यायला जानेवारी २०१९ उजाडलं, म्हणजे आपल्या हातात किती कमी आहे बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माशी शोधू नका, वाळवीची घरटी शोधा. जवळपास चार सेंटिमीटर लांब, जगातली सगळ्यात मोठी मधमाशी, पण राहते झाडावरच्या वाळवीच्या घरट्यात बीळ करून, आणि वाळवी आत येऊ नये म्हणून आपल्या मोठ्या जबड्यांनी झाडाची राळ खरवडून आणते आणि आतून लिंपते. म्हणून दुर्बीण हवीच, हेडलॅम्प हवा (बिळात डोकवायला, २०१९ चं घरटं जमिनीपासून जेमतेम अडीच मीटरवर होतं), हलकी शिडी, लांब लेन्स, कॅमेऱ्याला वॉटरप्रूफ कव्हर. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या. गावातला वाटाड्या पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा, त्याला योग्य पैसे द्या, तिथली माणसं हिला राजा ओफू म्हणतात, मधमाश्यांचा राजा, आणि राजा हा शब्द तिथेही आपलाच आहे हे मला फार आवडतं.

जीपीएस, जास्तीच्या बॅटऱ्या आणि एक कागदी वही. वहीत रिकामी घरटीसुद्धा लिहा, कोणतं झाड, किती उंची, किती वेळ बघत थांबलो, आसपास जंगल तोडलंय का, कारण ती कुठे नाही हे कळलं नाही तर नकाशा अर्धाच राहतो.

आणि निघायच्या आधीच टीममध्ये ठरवून टाका की अचूक लोकेशन कुठेही टाकायचं नाही, फोटोतलं जिओटॅग बंद, आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) जागा लपवलेली. कारण २०१८ मध्ये हिचा एक मेलेला नमुना ईबेवर ९,१०० डॉलरला विकला गेलाय. पकडायची जाळी आणि मारायची बाटली घरीच ठेवा, फोटो पुरे आहे.